वाटाण्याला नाचव

दादासाहेब फाळक्यांनी विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठलं, कॅमेऱ्याची सोय केली. मग कुंडीतल्या वाटाण्याची वाढ रोज थोडी थोडी टिपली आणि तो चिमुकला चित्रपट दाखवून भांडवल उभं केलं. त्या भांडवलावरच्या चित्रपटात तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, तर हॉटेलातल्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं.

आता कॅमेरा, संकलन, वितरण सगळं खिशात. कुणापुढे हात पसरायला नको. पुरते स्वतंत्र! फक्त पहिल्या तीन सेकंदांत आदळआपट हवी, थंबनेलवर तोंड माशासारखं उघडं हवं, आणि यूट्यूबच्या जाहिरातींतून वाटा हवा तर १,००० सबस्क्राइबर नि वर्षात पाहिले गेलेले ४,००० तास. (किंवा शॉर्ट्सचा आणखी मोठा आकडा. तो ऐकून फाळके परत लंडनला गेले असते.) पूर्वीचा निर्माता निदान चहा पाजून ‘नाही’ म्हणायचा. अल्गोरिदम बोलतच नाही. व्ह्यूज सतरावर थांबतात, त्यातले नऊ घरचे, आणि मावशीने तर व्हिडिओ झोपेत लावलेला.

परवा ओळखीतल्या एका पोराने खरोखरच वाटाणा पेरून त्याची वाढ टिपली. महिनाभर खपला. मित्राने बघून पाठ थोपटली, “वाटाणा झकास आहे रे. पण त्याला जरा नाचव.”