ॲडमिन होऊ इच्छिणाऱ्या खान्देशी बंधू-भगिनींसाठी

व्हॉट्सॲप ग्रुप काढण्यापूर्वी नाव ठरवा. त्यात 'विचार', 'मंच' किंवा 'परिवार' यांपैकी एक शब्द हवाच. पहिल्या दोहोंमुळे खरोखरच विचार येऊ लागतील अशी धास्ती असेल, तर 'परिवार' घ्या. तिथे शुभ सकाळीवर भागतं.

मग नियम टाका : राजकारण नको, जात नको, धर्म नको. एवढं वगळल्यावर रावेर-यावल पट्ट्यात उरतो केळीचा भाव, आणि नवखा ॲडमिन नेमका तिथेच फसतो. भाव रावेरचा धरायचा की बऱ्हाणपूरचा, इथून सुरुवात होते. मग व्यापारी वजनात किती कापतो, नुकसानीचा पंचनामा कुणाच्या बागेत झाला आणि कुणाच्या बांधावरूनच परतला, हे निघतं. चौथ्या संदेशाला राजकारण हजर, सहाव्याला जात. गिरणा-तापीच्या पाण्याचा विषय तर काढूच देऊ नका.

स्वतःच्या डोक्याने लिहिणारा सभासद ओळखायला सोपा असतो. त्याच्या वाक्यांत चुका असतात आणि खाली फुलांचं चित्र नसतं. त्याला पहिल्यांदा "भाऊ, विषयाला धरून बोला" म्हणा, दुसऱ्यांदा "पर्सनलला बोला". तिसऱ्यांदा काढा, पण आधी नातं तपासा. तो तुमच्या साडूचा भाचा निघाला, तर हिवाळ्यातल्या भरीत पार्टीला वांगी भाजायला तुम्ही एकटेच उराल, आणि रात्रीपर्यंत दुसरा ॲडमिन त्याला परत आत घेईल ते वेगळंच.

हे झेपत नसेल तर 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात' हे सेटिंग लावा. एकाने बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं, हा प्रकार धुळ्याला नवा नाही. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. फरक इतकाच, की तिथे बोलणाराही कैदेत होता. तुमची पात्रता विनोबांएवढी आहे की नाही, हे ठरवायचा अधिकार सेटिंगनुसार तुम्हालाच आहे.

कुणी फारच हुज्जत घातली तर "ॲडमिनवर गुन्हा दाखल होतो, भो" हे ठेवणीतलं वाक्य काढा. खरं तर आक्षेपार्ह संदेशांवर गुन्हा नोंदवायचं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच रद्द केलं. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला दोषी धरता येत नाही, आधीपासून संगनमत असेल तर गोष्ट वेगळी, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलं. ही माहिती ग्रुपवर टाकू नका. धाक गेला की ॲडमिनकडे उरतं काय?

आता सर्वांत महत्त्वाचं. फॉरवर्डला हात लावायचा नाही. त्यात राजकारण, जात, धर्म तिन्ही असलं तरी नियम आडवा येत नाही, कारण ते कुणी लिहिलेलंच नसतं. आलं तसं पुढे गेलेलं असतं. फॉरवर्डशी कुणी भांडत नाही, म्हणून ग्रुप शांत राहतो.

अशाच शांत ग्रुपांवरून 2018 मध्ये पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा धुळे जिल्ह्यात फिरत होती. 1 जुलैला, रविवारी, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला जमावाने पाच जणांना ठार मारलं. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. मर्यादा एका वेळेपुरती होती. पाच झाले की पुढचे पाच निवडता येत.

तरीही एखादा सभासद फॉरवर्डखाली विचारतोच, "हे कुठून आलं? कुणी पाहिलं?" असा माणूस ग्रुपचं वातावरण बिघडवतो. त्याला पहिली दोन वाक्यं ऐकवण्यात वेळ घालवू नका. साडूचा भाचा असला तरी.