रिस्टार्टकाका

भाईंदर पूर्वेच्या प्रत्येक जुन्या सोसायटीत एक रिस्टार्टकाका असतो. निवृत्त, बहुधा बँकेतून. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेन आणि टेस्टर. विरार लोकलच्या दारात भाईंदरवाल्याला उभं राहू न देणाऱ्यांशी ज्यानं उभी नोकरी भांडण्यात काढली, त्याला यूट्यूबवरचं गरगरणारं चक्र कसं सोसणार?

काय बिघडलंय, हे तो विचारत नाही. ‘‘बंद करून चालू केलंत का?’’ एवढंच विचारतो. गीझर, लिफ्ट, मिक्सर, रुसलेला जावई, सगळ्यांवर हाच उतारा. मीरा-भाईंदरची 1985 मध्ये नगर परिषद झाली, 2002 मध्ये महानगरपालिका. ‘‘अख्खं गाव दोनदा रिस्टार्ट झालं, पण पाण्याचा स्पीड तोच,’’ हे त्याचं ठरलेलं वाक्य.

पूर्वी तो राउटर बंद करायला रात्री तीनला स्वतः उठायचा. ‘‘अहो, लोक या वयात बाथरूमला उठतात, तुम्ही राउटरला उठता,’’ असं काकूंनी सुनावल्यावर त्यानं लोहार चाळीतून टायमर आणला. पांढरा डबा, त्यावर गोल चकती, चकतीला 96 खुंट्या. एक खुंटी म्हणजे पंधरा मिनिटं. तीन ते सव्वातीन राउटर बंद, मग आपोआप चालू. येईल त्या पाहुण्याला चहाच्या आधी ती चकती दाखवली जाते.

उपायात तथ्य आहे, हे कबूल करायला हवं. स्वस्तातला राउटर महिनोन्‌महिने चालू राहिला की कधी कधी अडकतो. एकदा वीज तोडली की ताळ्यावर येतो. मात्र काकाचा राउटर असतो माळ्यावर, पाण्यानं भरलेल्या स्टीलच्या पिंपामागे. वायफायला पाणी अडवतं, स्टील तर त्याहून. ‘‘राउटर जरा खाली घ्या,’’ म्हटलं की काका दुखावतो. शिवाय शंभर एमबीपीएसचे पैसे भरून डाउनलोड साडेबारावर अडकतं, याचा अर्थ बाकीचं केबलवाला खातो, असा त्याचा ठाम समज. कंपनी बिट मोजते, कॉम्प्युटर बाइट दाखवतो, आठ बिटांचा एक बाइट, हे नातवानं कागदावर मांडून दाखवलं. काकानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि केबलवाल्याला फोन लावला.

टायमरच्या चकतीला बॅटरी नसते. लाइट गेली की तीही थांबते, आणि लाइट आली की थांबली तिथूनच पुढे निघते. त्यामुळे पावसाळा सरता सरता काकाचे रात्रीचे तीन सकाळी साडेसहाला वाजू लागले. मुलाचा कॅलिफोर्नियातला साहेब तिकडे संध्याकाळी स्क्रीनवर तोंड उघडतो न उघडतो, तोच माळ्यावरून ‘टक्’. पंधरा मिनिटं घरात फक्त काकूंची पूजा ऐकू येते.

तरी कीर्ती पसरलीच. तिन्ही विंगांनी टायमर आणले, काकाच्याच हातून तीनला लावून घेतले. मग स्पीड आणखी खाली. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांत न घुसणारे चॅनेल मोजून तीन: 1, 6 आणि 11. राउटर उठताना आजूबाजूला कोण बोलतंय ते ऐकतो आणि मोकळा चॅनेल धरतो. इथे सगळे एकाच क्षणी उठायचे, सगळ्यांनाच हवा मोकळी वाटायची आणि मग सगळ्यांची एकाच चॅनेलवर झुंबड. सकाळच्या 8 च्या गाडीत याहून शिस्त असते.

काकानं मग वेळापत्रक केलं आणि पाण्याच्या वेळांशेजारी नोटीस बोर्डावर टाचणीनं लावलं: ए विंग अडीच, बी विंग तीन, सी विंग साडेतीन. सभेत सी विंग उसळली. ‘‘पाणी आम्हालाच शेवटी, आता नेटही?’’ आवाज चढले, खुर्च्या सरकल्या, सेक्रेटरींनी हात टेकले. काका उठला, हॉलचे दिवे-पंखे बंद केले, सगळ्यांना बाहेर काढलं आणि पाच मिनिटांनी पुन्हा आत बोलावलं.