न पेरलेल्या भाताचा भाव

अमेरिकेच्या १९९६ सालच्या कृषी कायद्याने अनुदान उभ्या पिकाऐवजी जमिनीच्या जुन्या पीक-नोंदीला चिकटवलं. टेक्सासच्या भातपट्ट्यात मग शेतांचे प्लॉट पडले, बंगले उठले आणि परसातल्या हिरवळीपोटी भाताचं अनुदान घरमालकाच्या खात्यात जमा होऊ लागलं. पेरणी नाही, मळणी नाही! (आपल्याकडे निदान सातबाऱ्यावर खोटं पीक लावण्याचे तरी कष्ट असतात.) ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २००६ मध्ये हिशेब मांडला: २००० पासून शेती न करणाऱ्यांना किमान १.३ अब्ज डॉलर. अनुदान आपल्याच हाती यावं म्हणून काही मालकांनी खंडाने कसणाऱ्यांना मात्र जमिनीवरून उठवलं. २०१४ मध्ये ही थेट अनुदानाची खैरात थांबली. पण अनुदानाची वाट बंद झाली नाही: २०१८ च्या कायद्याने अनुदानासाठी धरल्या जाणाऱ्या शेतीतल्या ‘कुटुंबा’त पुतणे, भाचे आणि चुलत-मावस भावंडंही बसवली.