तेवीस पोळ्यांचा तह

डिसेंबरात सहल ठरली आणि घरात खलबतं सुरू झाली. मुरबाडकडचा गोरखगड बायकोने फोटो बघूनच बाद केला. कातळात खोदलेल्या त्या उभ्या पायऱ्या पाहून तिने आधी विम्याचे कागद शोधले. नाणेघाट आत्याने नाकारला. माथ्यावर जुन्या जकातीचा दगडी रांजण आहे, असं मी कौतुकाने सांगून बसलो. "एवढं चढायचं आणि वर टोल?" विषय संपला. उरला शहापूरचा माहुली. उंची २८१५ फूट. पण लोकलने जाता येतं म्हटल्यावर उंचीकडे कुणी पाहिलं नाही.

कसारा लोकलमधून आसनगावला उतरलो तेव्हा आमच्याकडे तीन पिशव्या, सतरंजी, पत्त्यांचा कॅट आणि पुरणपोळ्यांचा डबा होता. पोळ्या तेवीस. आत्याने मोजून केलेल्या.

रिक्षातून सुळके दिसू लागले. रिक्षावाल्याने बोट दाखवत ओळख करून दिली, "तो नवरा, ती नवरी, तो भटोबा. करवलीपण आहे." आत्याने चष्मा पुसला. "भटजी आहेत, करवली आहे, मग अडलंय कुठं? मानपान राहिला असणार कुणाचा तरी."

वनखात्याचं तिकीट काढून चढू लागलो. अर्ध्या तासात आत्या एका दगडावर बसली आणि त्या दगडाला मुक्कामाचं स्वरूप आलं. वेळ सत्कारणी लावावी म्हणून मी इतिहास काढला. "१६३६मध्ये शहाजीराजे याच गडावर होते. जिजाऊ आणि बाल शिवाजीही होते. खाली मोगलांचा खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान वेढा घालून..."

"बाबा, आलेच ते," चिरंजीव म्हणाले.

दोन दांडगी माकडं डब्यापासून हातभर अंतरावर बसली होती. मागे फौज झाडांवर. पुढचा खानजमान, मागचा रणदुल्लाखान, हे चिरंजीवांनीच ठरवलं. मी काठी उगारली. खानजमानाने ती हातातून काढून घेतली. तहाची कलमंही त्यांनीच ठरवली : पोळ्या त्यांच्या, लोणचं आमचं. पुरंदरच्या तहात महाराजांनाही तेवीसच किल्ले द्यावे लागले होते, माहुली धरून. एवढा योग जुळलेला पाहून मला तर भरून आलं. आत्याला वेगळ्या कारणाने आलं.

खाली गावात एका घरी तांदळाच्या भाकऱ्या, पिठलं आणि ठेचा मिळाला. आमच्या लोणच्याचं तिथे सोनं झालं. चौथ्या भाकरीला माझा स्वाभिमान परतला. म्हटलं, "१६७०मध्येही गडावरचा पहिला हल्ला फसलाच होता. काही महिन्यांनी मोरोपंत पिंगळ्यांनी घेतलाच ना?"

"त्यांच्याबरोबर आत्या होती?" बायकोने विचारलं.

आत्याचं लक्षच नव्हतं. ती अंगणातून सुळक्यांकडे बघत होती. नवरा तसाच उभा, नवरी तशीच उभी, भटोबा मधल्यामध्ये ताटकळलेला.

"आत्ता कळलं गं बाई," ती म्हणाली, "मानपानाचं नाहीच हे. पंगतीच्या पोळ्याच नेल्या असणार मेल्यांनी!"