साहेब, सहा राउंड खाली पडले

क्राइम मालिकेतल्या इन्स्पेक्टरसाहेबांना पिस्तूल नुसतं धरवत नाही. हातात आलं की स्लाइड मागे ओढून 'खट्याक' केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. जीपमधून उतरले, खट्याक. गोडाऊनच्या शटरपाशी पोचले, खट्याक. जिना चढताना खट्याक. 'हँड्स अप' म्हणण्याआधी एकदा, आणि समोरच्याने मुकाट हात वर केल्यावर आणखी एकदा. मग खलनायक साहेबांचा कॉलेजातला जिवलग मित्र निघतो, कॅमेरा दोघांच्या डोळ्यांत तीन-तीनदा डोकावतो, त्या गहिवरातही खट्याक. जाहिराती संपल्यावर सातवं. प्रेक्षक विसरला असेल तर?

साहेबांच्या हातात असतं ते पिस्तूल बहुधा ब्राउनिंगच्या घराण्यातलं, 9 मिमीचं, आपल्याकडे '9 मिमी 1ए' म्हणून बनणारं. मॅगझीनमध्ये 13 काडतुसं. पहिल्यांदा स्लाइड ओढली की एक काडतूस चेंबरमध्ये जातं आणि पिस्तूल तयार होतं. पुढे काही ओढायचं नसतं. गोळी सुटली की स्लाइड आपली आपण मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर टाकते आणि पुढचं काडतूस भरते. म्हणजे पहिलं खट्याक कामाचं. दुसऱ्या खट्याकला मात्र चेंबरमधलं जिवंत काडतूस उजव्या बाजूने उडून जमिनीवर पडतं. तिसऱ्याला आणखी एक.

हिशेब करू. सात खट्याक, त्यातलं पहिलं भरण्याचं, म्हणजे सहा जिवंत काडतुसं जमिनीवर. जीपपासून निघून साहेब मित्राच्या छातीसमोर उभे राहीपर्यंत निम्मी गोडाऊनभर सांडून झालेली, पिस्तुलात उरली सात. खलनायकाच्या पंटरांनी गोळीबार करण्याऐवजी खाली वाकून वेचणी केली असती तरी टोळीचं भलं झालं असतं, कारण 9 मिमी हा आपल्या देशात निषिद्ध बोअर आहे आणि साध्या परवानेदाराला .32वर समाधान मानावं लागतं. इथे सरकारी माल दारापासून जिन्यापर्यंत फुकट पसरलेला. पुढे पंचनामा. पंच म्हणून ओढून आणलेला कोपऱ्यावरचा पानवाला सही करणार की घटनास्थळी सहा जिवंत काडतुसं मिळाली, आरोपीकडे मात्र एक सुरी. आरोपीचा वकील उभा राहून फक्त एवढंच विचारणार, 'ही सहा कोणाची?' खटला तिथेच बसला. मालिकेच्या पुढच्या सीझनची कथा मात्र आयती तयार.

यावर मालिकावाले म्हणतील, काडतूस पडताना दाखवलंच नाही, म्हणजे पडलंच नाही. मान्य. मग मॅगझीन रिकामं असणार. पण मॅगझीन रिकामं असेल तर या पिस्तुलाची स्लाइड मागेच अडकते, दुसरं खट्याक होतच नाही. बरं, मॅगझीनच घातलेलं नसेल? मग खट्याक दिवसभर करा, कोणी अडवत नाही. फक्त ब्राउनिंगच्या मूळ रचनेत मॅगझीन नसताना चाप ओढला तरी गोळी सुटत नाही. थोडक्यात, साहेब एक तर काडतुसं उधळत आले, नाही तर रिकाम्या लोखंडानिशी अख्ख्या टोळीला शरण आणून गेले. दुसरी गोष्ट खरी असेल तर हा माणूस शौर्यपदकाला पात्र आहे आणि लेखकाने ते आपल्यापासून लपवून ठेवलं आहे.

हा आवाज साउंड एडिटरच्या कपाटातून येतो हे उघड आहे, आणि त्या कपाटात एकच डबा आहे हेही. ग्लॉक 17ला बाहेर घोडा नसतो. तरी ते कानशिलाला टेकवलं की घोडा चढवल्याची टिचकी ऐकू येतेच. रिव्हॉल्व्हरला ओढायला स्लाइड नसते, पण त्यालाही खट्याक. सायलेन्सरची तऱ्हा उलटी. 9 मिमीचा बार साधारण 160 डेसिबलचा, सायलेन्सर त्यातले वीस-तीस खातो, उरतो तो आवाज रस्ता फोडणाऱ्या यंत्राला लाजवणारा. पडद्यावर मात्र 'फुस्स', आणि शेजारच्या खोलीतलं बाळ कूसही बदलत नाही. गोळी लागल्यावर माणूस काचेतून उडून बाहेर पडतो, त्यात 8 ग्रॅमच्या गोळीचा वाटा किती? ती सेकंदाला 350 मीटरने आली तरी सत्तर किलोच्या माणसाला मिळणारी गती सेकंदाला चार सेंटिमीटर. बाकीचा प्रवास तो मानधनासाठी करतो.

इथवर हसून सोडता आलं असतं. पण या सगळ्या गोंधळात साहेबांच्या मागे एक हवालदार उभा असतो. पोट सुटलेला, मालिकेने विनोदासाठी ठेवलेला, चहा आणि 'येस सर' एवढंच काम असलेला. खऱ्या पोलीस ठाण्यात काडतुसं मोजून मिळतात आणि मोजून परत द्यावी लागतात. झाडलेल्या गोळीचाही जाब द्यावा लागतो, मग हरवलेल्या जिवंत काडतुसाचं तर विचारूच नका. 'साहेब, सहा राउंड खाली पडले' असं त्या अख्ख्या गोडाऊनमध्ये म्हणू शकेल असा माणूस तो एकटाच, आणि नेमका त्यालाच लेखकाने मूर्ख करून ठेवलं आहे. हे अनवधान नाही. नोंद, डायरी, पंचनामा, वॉरंट या सगळ्याची पडद्यावर टिंगलच होते, कारण त्याने हिरोची चाल मंदावते. 'प्रोसीजर गेलं खड्ड्यात' म्हणून शेवटचं खट्याक झालं की घराघरात टाळ्या पडतात. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 43 साफ सांगतं की, ज्याच्यावर मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा गुन्ह्याचा आरोपच नाही, त्याला अटक करताना ठार मारण्याचा हक्क पोलिसाला नाही. मित्रवर्यांवर आरोप होता बनावट घड्याळांच्या तस्करीचा. साहेबांनी त्याला कपाळात गोळी घातली, गॉगल लावला आणि पार्श्वसंगीत वाढलं. न्यायाधीश, सरकारी वकील, पंच, सगळ्यांची पात्रं वाचली म्हणून निर्मातेही खूश. हे रात्री जेवताना पोरासोरांसकट बघायचं आणि सकाळी पेपर वाचताना 'खटले कसले चालवता, घाला गोळ्या' म्हणायचं, हा आता आपला कौटुंबिक कार्यक्रम झाला आहे. लाज वाटायला हवी, त्यांनाही आणि टाळ्या पिटणाऱ्यांनाही.

मालिकावाल्यांना विनंती मोठी नाही. पुढच्या भागात त्या हवालदाराच्या हातातला चहाचा ट्रे काढून घ्या आणि एक वही नि पेन द्या. खर्च पन्नासेक रुपये. साहेबांच्या एका गॉगलमध्ये अख्ख्या ठाण्याच्या वह्या येतील.