ड्यूकमावशी

लोकलच्या महिला डब्यात जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलेलं पुस्तक वाचता वाचता एखादी साठीची बाई खुदकन हसली, तर ती गुरुचरित्र वाचत नाहीये, एवढं नक्की. कव्हराच्या आत बहुधा एक इंग्रज उमराव असतो. मुखपृष्ठावर त्याच्या सदऱ्याची सगळी बटणं उघडी असतात. जुन्या वळणाच्या गोष्टीत मात्र हाच गृहस्थ हनुवटीपर्यंत खळ घातलेला गळपट्टा गुंडाळून बसतो आणि तीनशे पानांत कोटसुद्धा उतरवत नाही. मुखपृष्ठ काढणाऱ्याने पुस्तक वाचलंच पाहिजे असा कायदा इंग्लंडातही नाही.

या बायकांची एक जमातच आहे. गल्लीबोळातल्या खाजगी वाचनालयांनी आणि फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथने ती पोसली. आमच्या घरात तिची प्रतिनिधी म्हणजे माझी मावशी. सरकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेली. तिला जगातली दोनच माणसं कळतात: कर्ज मागायला आलेला इसम आणि लग्नाची मागणी घालायला आलेला ड्यूक. तिच्या मते दोघांत फरक फक्त कपड्यांचा असतो.

हे ड्यूक बहुतेक एका ठराविक काळातले. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाचं डोकं फिरलं म्हणून १८११ ते १८२० या काळात त्याच्या मुलाने राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहिला. त्या नऊ वर्षांचं नाव रीजन्सी. या नऊ वर्षांवर एवढ्या प्रेमकथा लिहिल्या गेल्या आहेत की त्यातले सगळे ड्यूक एका रांगेत उभे केले तर रांग लंडनबाहेर जाईल. खरं म्हणजे राजघराणं वगळता त्या काळी तीससुद्धा ड्यूक नव्हते, आणि त्यातले बरेचसे म्हातारे किंवा विवाहित. हे मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणूनच कादंबऱ्या लिहाव्या लागल्या ना."

तिचं दैवत जॉर्जेट हेयर. आजारी भावाची करमणूक व्हावी म्हणून कोवळ्या वयात रचलेली गोष्ट १९२१ साली 'द ब्लॅक मॉथ' नावाने छापून आली, आणि मग ही बाई पन्नास वर्षं थांबली नाही. पत्रकारांना तिने मुलाखती दिल्या नाहीत. आयकर खात्याशी मात्र तिचा आयुष्यभर झगडा चालला, आणि कर भरायला पैसे हवेत म्हणून ती आणखी एक कादंबरी लिहायला घेई. मावशीच्या डोळ्यांत पाणी येतं ते इथे. नायिकेच्या विरहाने कधी आलेलं मी पाहिलेलं नाही.

मावशी प्रेमकथा कशी वाचते, हे पाहण्यासारखं आहे. हातात पेन्सिल. पहिल्या प्रकरणात नायक आला की समासात त्याचं वार्षिक उत्पन्न. पुढे बोजा: जुगाराची देणी, गहाण पडलेलं घर, लग्नाच्या दोन बहिणी, शिंप्याची थकबाकी. कर्जबाजारीपणाचा अस्सल दाखला म्हणून ती ब्यू ब्रमेलचं नाव घेते. गळपट्ट्याची गाठ कशी मारावी हे साऱ्या लंडनला शिकवणारा हा छानछोकी गृहस्थ १८१६ साली घेणेकऱ्यांना तुरी देऊन फ्रान्सला पळाला. "इतका टापटीप माणूस! मीसुद्धा फसले असते," असं ती कबूल करते. तिच्याकडून ही फार मोठी कबुली आहे.

जेन ऑस्टिनच्या कादंबरीतला डार्सी वर्षाला दहा हजार पौंडांचा धनी, हे जगाला ठाऊक असतं. मावशीला नायिका एलिझाबेथच्या वाट्याचे एक हजार पौंड आणि त्यांचा चार टक्के व्याजदर पाठ आहे. "वर्षाचे चाळीस पौंड," ती म्हणते. "एवढ्यावर जगायची तयारी ठेवून पोरगी दहा हजारवाल्याला नाही म्हणते. हिंमत बघ." मी या कादंबरीवरची बरीच समीक्षा वाचली आहे. एलिझाबेथच्या स्वाभिमानाची किंमत इतकी चोख कुणी काढलेली माझ्या पाहण्यात नाही.

पळून जाणाऱ्या जोडप्यांशीही ती याच कठोरपणे वागते. इंग्लंडात १७५३ च्या कायद्याने एकवीस वर्षांखालच्यांच्या लग्नाला पालकांची संमती लागू लागली. स्कॉटलंडात ती भानगड नव्हती. म्हणून सीमेलगतचं ग्रेटना ग्रीन हे प्रेमिकांचं तीर्थक्षेत्र झालं. लंडनपासून तीनशे मैलांच्या वर अंतर. मावशी टप्प्याटप्प्याला बदलायच्या घोड्यांचं भाडं, खानावळी, गाडीवानाची बक्षिशी यांचा हिशेब मांडते आणि जाहीर करते, "पळून जायलासुद्धा भांडवल लागतं. हा पोरगा तिला अर्ध्या वाटेत उतरवणार." आणि पुढच्या प्रकरणात तो खरोखर उतरवतो.

पण तिची सगळ्यात लाडकी जागा म्हणजे ऑलमॅक्स. लंडनच्या किंग स्ट्रीटवरचं नाचघर. आत सोडायचं कुणाला, हे ठरवायला उच्चकुलीन बायकांची समिती. रात्री अकराला दारं बंद. खायला पातळ पाव-लोणी आणि कोरडा केक. तरी प्रवेशपत्रासाठी आया जीव टाकायच्या. सोसायटीच्या कोजागिरीची वर्गणी आणि मसाला दूध ज्यांनी पाहिलं आहे त्यांना याचं नवल वाटू नये. या समितीने एकदा खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टनला दारातून परत पाठवलं, असं सांगतात. कारण काय, तर गुडघ्यापर्यंतच्या तुमानीऐवजी तो लांब पायांची विजार घालून आला होता. हाच वेलिंग्टन १८०३ साली आर्थर वेलस्ली म्हणून आपल्याकडे होता आणि जालना जिल्ह्यातल्या असईला त्याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला होता. मावशी हे अभिमानाने सांगते. अभिमान कुणाचा, हा प्रश्न विचारायचा नाही. "असईला जो आपल्याला आवरला नाही, त्याला बायकांनी विजारीवरून परत पाठवला!"

या पुस्तकांत काय नसतं, तेही तिला नीट माहीत आहे. दुर्गंधी नसते, दातदुखी नसते. उमरावाच्या पैशामागचे साखरमळे आणि तिथले गुलाम नसतात. १८१९ साली मँचेस्टरला सेंट पीटर्स फील्डच्या मैदानात सभेला जमलेल्या कामकऱ्यांवर घोडेस्वार घातले, तेही नसतं. मी एकदा जरा तावातावाने ही यादी वाचली. तिने ती शांतपणे ऐकली. "ते सगळं खरं आहे रे," ती म्हणाली, "पण खरं मी दहा ते पाच वाचत होते." मग तिने मला हेयरच्या 'फ्रायडेज चाइल्ड'ची हकिकत सांगितली. १९४४ ची, म्हणजे ऐन युद्धातली कादंबरी. रुमानियाच्या तुरुंगातल्या एका राजबंदी बाईने ती आठवून आठवून सोबतच्या कैद्यांना वर्षानुवर्षं ऐकवली. सुटल्यावर तिने हेयरला पत्र लिहिलं, आणि हेयरने ते जपून ठेवलं. त्या कोठडीत साखरमळ्यांचा मुद्दा कुणी काढला असेल असं मला वाटत नाही. मी यादी घडी करून खिशात ठेवली. टाकून मात्र दिली नाही.

मला विचाराल तर या पुस्तकांत ड्यूक हा निमित्तमात्र. खरी मजा बोलण्याची. नायक एक वाक्य टाकतो, नायिका ते झेलून दुप्पट वेगाने परत फेकते, आणि तो रागावण्याऐवजी हसतो. इथे तो प्रेमात पडतो. खांदे, घोडे, वाडे सगळं नंतर. मावशीला पाहायला आले होते तेव्हा मुलगी बोलते कशी हे बघायला आलेल्या मंडळींनी तिला बोलूच दिलं नव्हतं. काकांनी, म्हणजे तिच्या होणाऱ्या नवऱ्याने, एकच प्रश्न विचारला होता: "नोकरी बदलीची आहे का?" उत्तर तिच्या वडिलांनी दिलं.

अलीकडे 'ब्रिजर्टन' मालिकेमुळे या जमातीला नव्या पोरींची भरती मिळाली. २०२२ साली आलेल्या दुसऱ्या पर्वात हिंदुस्थानातून लंडनला गेलेल्या दोन बहिणी आहेत, आणि धाकटीच्या गुणांच्या यादीत फ्रेंच, लॅटिनच्या जोडीला चक्क मराठी आहे. मावशीने तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला. ज्या विषयाची तिच्या नातवाला शिकवणी लावावी लागते, तो लंडनच्या लग्नाच्या बाजारात जमेच्या बाजूला धरलेला पाहून तिने तो प्रसंग नातवालाच बोलावून दाखवला.

काकांना हे काही पटत नाही. ते पेशवाईचे अभ्यासक. "अगं, तुझे ड्यूक तिकडे नाचत होते तेव्हाच, १८१७ च्या नोव्हेंबरात, शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. त्यापेक्षा आपल्या दुसऱ्या बाजीरावाबद्दल वाच."

"काय मिळकत होती त्यांची?"

"राज्य गेल्यावर बिठूरला वर्षाला आठ लाख रुपये पेन्शन."

मावशीने पेन्सिल उचलली. तेव्हाचा पौंड ढोबळमानाने दहा रुपयांचा. म्हणजे ऐंशी हजार पौंड. आठ डार्सी! काका पहिल्यांदाच थोडे सुखावले.

"बोजा?" मावशीने विचारलं.

"लग्नं बरीच केली त्यांनी. पण पेन्शन तहहयात होती हं."

"म्हणजे ते गेले की बंद. तारण?"

काका गप्प. मावशीने समासात शेरा मारला, "नामंजूर," आणि पान उलटलं.