नाक्याचे बंदरास पत्र

श्रीयुत मुंबई बंदर यांस,
कनेरगाव नाक्याचा सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

नाका आणि बंदर तसे एकाच खात्यातले. येणाऱ्याला अडवायचे, गाठोडे चाचपायचे, घ्यायचे ते घेऊन पुढे सोडायचे. थोरल्याच्या दारात अरबी समुद्र आला, धाकट्याच्या दारात वाशीम-हिंगोली रस्ता. त्यामुळे पत्रात थोडी भाऊबंदकी डोकावली तर राग नसावा.

निमित्त असे, की नाक्यावरचा एक गृहस्थ सोयाबीनचे पैसे हाती येताच मुंबई बघून आला. मुंबईची जनशताब्दी 2024 साली हिंगोलीपर्यंत वाढली. नाक्यापर्यंत काही आली नाही. म्हणून तो आधी उलट दिशेने हिंगोलीला गेला आणि मग मुंबईला. समुद्राची ओढ या मुलखात जुनीच आहे. खुद्द निजामाच्या राज्याला समुद्र नव्हता, तर 1947 च्या सुमारास त्याच्या दरबाराने गोव्याच्या बंदरासाठी पोर्तुगीजांशी बोलणी लावली होती. निजामाला जमले नाही ते आमच्या माणसाने रेल्वेच्या तिकिटात जमवले.

प्रथम अर्थातच गेटवे ऑफ इंडिया. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी 1911 च्या डिसेंबरात इथे उतरले, त्यांच्या आगमनाची ही कमान. पण पायाभरणी 31 मार्च 1913 ची आणि उद्घाटन 4 डिसेंबर 1924 चे. म्हणजे पाहुणा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी स्वागत पुरे झाले! नाक्यावर मंत्री यायचे असतात तेव्हा आदल्या रात्री कापडी कमान उभी राहते आणि गाडीची धूळ बसायच्या आत मांडववाला ती उतरवतो. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने बेसॉल्टची बांधली, एवढाच फरक. याच कमानीखालून 28 फेब्रुवारी 1948 रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची तुकडी, ब्रिटिश फौजेतली शेवटची, भारत सोडून गेली. त्या दिवशी हिंगोलीच्या मुलखात निजामाचाच अंमल होता आणि तो पुढे 17 सप्टेंबरपर्यंत टिकला. साहेब गेल्याची बातमी आपल्या दारात आधी पोचली, हे नाका मान्य करतो. थोरलेपणाचे फायदे असतातच.

तिथून लाँचने घारापुरी. गृहस्थ धक्क्यावर पोचला तो सोमवारी, आणि सोमवारी लेणी बंद! मंगळवारी पुन्हा रांग, तासाभराचा प्रवास, मग जेट्टीपासून छोटी आगगाडी आणि शंभरावर पायऱ्या. वर सुमारे सहा मीटर उंचीचा तीन मुखांचा सदाशिव. औंढ्याला नागनाथाच्या भुयारात अंग चोरून उतरणाऱ्या माणसाला देव इतका ऐसपैस बसलेला पाहायची सवय नसते. तो बराच वेळ गप्प उभा राहिला. ज्या दगडी हत्तीमुळे पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले, तो मात्र बेटावर नाही. तुकडे होऊन मुंबईत आला आणि सांधून राणीच्या बागेशेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा केला गेला.

या बेटावर कायमची वीज आली ती फेब्रुवारी 2018 मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. तोवर समोर रात्रभर आपला झगमगाट, इकडे बेटावर संध्याकाळचे तीन-चार तास जनरेटर! भारनियमन मराठवाड्याच्याच पाचवीला पुजले आहे, अशी नाक्याची समजूत होती. ती त्याने मागे घेतली.

आता मुख्य तक्रार. गृहस्थाला बंदर बघायचे होते. जहाज, क्रेन, गोदी. कोणीतरी सांगितले, हार्बर लाइनने जा. तो छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला बसला. डॉकयार्ड रोड गेले, रे रोड गेले, आणि खिडकीतून दिसल्या त्या भिंती, गोदामे, पत्र्याची छपरे. नाव हार्बर, आणि हार्बर औषधालाही नाही! कॉटन ग्रीन आले तसा तो उतरला. वऱ्हाड-मराठवाड्याचा कापूस गाठी बांधून मुंबईला जायचा, हे त्याने आजोबांकडून ऐकले होते. अमेरिकेतल्या 1861 ते 1865 च्या यादवीत याच कापसाने मुंबईत पैशाचा पूर आणला. स्टेशनच्या नावात अजून कापूस आहे. फलाटावर बोंड सोडा, धागासुद्धा त्याला सापडला नाही.

पुढच्या स्टेशनावर, शिवडीला, चिखलात रोहित पक्षी दिसले. हिवाळ्यात येतात, मे महिन्यापर्यंत राहतात, तिकीट लागत नाही. फुकटचे, आणि सबंध सहलीत त्याला सर्वांत आवडले तेही हेच. शेजारूनच अटल सेतू निघतो: 12 जानेवारी 2024 ला उद्घाटन झालेला, 21.8 किलोमीटर लांबीचा. मोटारीचा एकेरी टोल 250 रुपये ऐकून नाक्याचा ऊर भरून आला. धंद्याचे नाव काढले पोरांनी. पण दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर आणि बैलगाडी यांना तिथे बंदी. म्हणजे कनेरगावातले जवळजवळ सगळे वाहतूक खाते बाहेर.

तरी विनंती, की भिंतीला एखादी खिडकी ठेवावी, म्हणजे आमच्या माणसाला बोट दिसेल. आणि कधी सवड काढून इकडे यावे. लेणी नाहीत, कमान हवी असल्यास आदल्या दिवशी कळवावे. चहा मिळेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कनेरगाव नाका

ता. क. : सोमवारी उघडे असते.